मेजाची उजवी बाजू

काटा-चमच्याने कसं जेवावं हे आमच्या मालवण तालुक्यात ज्या मोजक्या माणसांना कळतं त्यांत मी एक, असं माझं त्या वर्षीच्या मे महिन्यात ठाम मत होतं. मत माझं एकट्याचंच होतं, पण त्याने काय बिघडतं? सगळीच मोठी मतं सुरुवातीला एकट्याची असतात.

झालं होतं असं, की माझी धाकटी बहीण विमला लग्नाची होती. होती म्हणजे बऱ्याच वर्षांपासून होती. मुलगी कामाला वाघ, नाकीडोळी नीटस, पण उंचीने जरा जास्त आणि बोलायला सडेतोड. आलेली स्थळं एक तर उंची पाहून परत गेली, नाही तर उत्तर ऐकून. आणि अशात मुंबईच्या बोटीने जी. आर. राणे उतरले. जी. आर. म्हणजे मूळचे शेजारच्या गावचे गंगाराम. पोरवयात मुंबईला गेले, आणि आता म्हणे गिरणीत मॅनेजर, दादरला ब्लॉक, मुलगा दत्ताराम ऑफिसात नोकरीला. पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट सुटायच्या आत त्यांना मुलाचं ठरवून जायचं होतं. ती बोट गेली की समुद्र बंद, आणि समुद्र उघडेपर्यंत मुंबईत त्या मुलाला दुसरी कोणीतरी गाठणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आमचे आईवडील लवकर गेले. विमलाला मी अंगाखांद्यावर खेळवली आहे. हे स्थळ मला कसंही करून हवं होतं.

कसंही करून म्हणजे मी काय केलं ते ऐका. धक्क्यावर जी. आर. भेटले तेव्हा मी विमलाचं वय थोडं मागे ओढलं. तिला पेटी वाजवता येते असं सांगितलं. आमच्याकडे सगळं मॉडर्न आहे, असंही सांगितलं. इतकं सांगून झाल्यावर त्यांना घरी बोलावणं शक्यच नव्हतं. कारण घरात शेणाने सारवलेली जमीन, धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर, आणि पडवीच्या टोकाला म्हैस, जिला पाहुणा दिसला की बोलल्यावाचून राहवत नाही. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "आपण असं करू या. बंदराच्या वाटेवर नवीन डायनिंग हॉल निघालाय. तिथेच सहकुटुंब जेवू. आम्ही नेहमी तिथेच जातो."

"ओ, व्हेरी गुड," जी. आर. लगेच म्हणाले. "आमचंही मुंबईला बाहेरच असतं बहुतेक."

ते इतक्या लगेच कबूल झाले, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण संशय यायला डोकं रिकामं लागतं, आणि माझ्या डोक्यात तेव्हा काटा-चमचे खणखणत होते.

हा डायनिंग हॉल कॉन्स्टान्सियो बाप्तिस्तचा. कॉन्स्टान्सियो आमच्याच गावचा. अर्धं आयुष्य बोटीवर स्वयंपाक करून परतला आणि त्याने हे हॉटेल काढलं. मेजांवर पांढऱ्या चादरी, खिडकीला पडदे, भिंतीवर बोटीचं चित्र. मी आत फक्त एकदाच गेलो होतो, तेही आमच्या कचेरीतल्या साहेबांची विसरलेली छत्री आणायला. पण कॉन्स्टान्सियोची बायको क्लारा भली बाई. तिने मला मागच्या दाराने बोलावून काटा कुठल्या हातात, सुरी कुठल्या हातात, हे शिकवलं, आणि एक काटा सरावाला घरी दिला. मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून उकडलेल्या फणसाच्या बियांवर सराव करत असे. बिया ओट्यावरून घरंगळत अंगणात जायच्या आणि कोंबड्या खायच्या. त्या महिन्यात आमच्या कोंबड्यांनी बरंच बाळसं धरलं.

कोटही कॉन्स्टान्सियोनेच दिला. त्याच्या बोटीवरचा, पांढराशुभ्र, सोनेरी बटणांचा. आरशात पाहिलं तेव्हा मला स्वतःलाच नमस्कार करावासा वाटला.

मग मी घरच्यांची तयारी सुरू केली. पहिला हुकूम असा, की त्या दिवसापुरती घरात मालवणी बंद. सगळ्यांनी शुद्ध बोलायचं.

"आणि म्हशीवांगडा?" माझी बायको सुभद्रा म्हणाली. "तिका शुद्ध बोललंय तर ती दूध देवची नाय."

"म्हशीला सूट आहे," मी म्हणालो.

दुसरा हुकूम विमलाला. तिने फक्त 'हो', 'नाही' आणि 'थँक्यू' एवढंच बोलायचं.

"भाई, त्यांनी पेटी वाजव म्हटल्यानी तर?" विमलाने विचारलं.

"हॉटेलात पेटी कुठे असते?"

"बरी जागा शोधलास," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

राहता राहिले दाजी. दाजी म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनीच आम्हा भावंडांना वाढवलं. ते आमच्या गावचे गावकर, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे काय, ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम असो, लग्न असो, कोर्टातला दावा असो नाही तर हरवलेलं जनावर, ते आधी देवाच्या कानावर घालतात. नारळ ठेवतात, गावकर उभा राहून सगळी हकीकत मोठ्या आवाजात सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मग देवाला लावलेलं फूल उजवीकडे पडलं तर देव हो म्हणाला, डावीकडे पडलं तर नाही म्हणाला. याला कौल म्हणतात. या सगळ्यात अट एकच. गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नाही. एरवी दाजी बाजारात म्हातारी गाय तरणी म्हणून विकतील, पण गाऱ्हाणं घालताना त्यांच्या तोंडून एक शब्द खोटा निघायचा नाही.

"घरात चूल पेटता मां?" दाजी म्हणाले. "मगे चेडू हाटेलात कित्याक दाखवूचा?"

"दाजी, ती मुंबईची माणसं. त्यांना मेज लागतं."

"आणि देवाक सांगलंस?"

"नंतर सांगू. आधी ठरू दे."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते हरवलेलं जनावर. पण ते यायला कबूल झाले. चेडू म्हणजे मुलगी, आणि ती त्यांचीही होती.

ठरलेल्या रविवारी दुपारी आम्ही हॉटेलाच्या दारात पोचलो. ऊन मी म्हणत होतं. कोटाच्या आत माझं कालवण झालं होतं. आणि तिथे पहिली गोष्ट घडली. दाजींनी पायरीवर वहाणा काढल्या. त्यांच्या मागोमाग सुभद्राने काढल्या, विमलाने काढल्या, आणि जन्माची सवय, मीही माझे पॉलिश केलेले बूट काढून ओळीत नीट लावून ठेवले. आत आल्यावर गार फरशी पायाला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी परत वळणार, तोच बाहेर टांगा थांबला.

पुढे जी. आर., सुटाबुटात, गळ्यात टाय. मागे त्यांची बायको जानकीबाई, आणि त्यांच्या मागे दत्ताराम. सडसडीत मुलगा, शर्टाची बाही पुन्हा पुन्हा खाली ओढणारा. जानकीबाईंनी मला यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्या आत आल्या, माझा पांढरा कोट पाहिला, सोनेरी बटणं पाहिली, हातातली छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जरा थंड पाणी आणा हो. आणि मेज पुसलंय ना नीट?"

त्याच क्षणी आतून हॉटेलचा वाढपी आला. त्याच्या अंगात माझ्यासारखाच कोट! तशीच बटणं. फरक एवढाच, की त्याच्या पायात चपला होत्या.

आता मी मुलीचा भाऊ आहे असं सांगायला हवं होतं. पण जानकीबाईंना अवघडल्यासारखं होईल, अशा सद्भावनेने मी आत गेलो आणि पाणी घेऊन आलो. तोवर जी. आर. नी त्यांना हळूच काही सांगितलं असावं, कारण त्या ग्लास घेताना लाल झाल्या. मीही झालो. त्यांचे डोळे माझ्या अनवाणी पायांवर गेले, मग दारातल्या वहाणांच्या ओळीवर.

बसायची वेळ आली. मेजाच्या एका बाजूला आम्ही, समोर ते. दाजी खुर्चीवर चढून मांडी घालून बसले. सुभद्रानेही मांडी घातली. मी मेजाखालून तिचा गुडघा ढोसला, तर ती मोठ्याने म्हणाली, "अहो, पाय खाली लोंबकळत ठेवले की अन्न पायात उतरतं." हे मात्र ती शुद्ध बोलली.

प्रत्येकापुढे काटे, सुऱ्या आणि चमचे मांडलेले. क्लाराने शिकवलं होतं तेव्हा एक काटा आणि एक सुरी होती. इथे त्यांची वरातच. क्लाराने सांगितलेलं 'आधी बाहेरचा की आधी आतला' यातलं नेमकं काय, ते मला आठवेना. पण मी घाबरलो नाही. समोर मुंबईचा मॅनेजर बसला होता. तो जे उचलेल ते आपण उचलायचं, की झालं.

सूप आलं. जी. आर. नी चमच्याला हात लावला. मी चमच्याला हात लावला. त्यांनी हात काढला. मीही काढला. त्यांनी रुमाल उचलून कपाळ टिपलं. हा जेवणातला भाग असेल म्हणून मीही कपाळ टिपलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काटा उचलला, सुपाकडे नेला, आणि माझा चेहरा पाहून खाली ठेवला. तोवर माझाही काटा सुपापर्यंत पोचला होता. अशी आमची बराच वेळ कवायत चालली. सुपावर साय धरली. बाकीचे आम्हा दोघांकडे पाहत उपाशी बसले होते, कारण यजमानाने आणि पाहुण्याने सुरुवात केल्याशिवाय जेवायचं नाही, एवढं वळण दोन्ही घरांत होतं.

वाढपी येऊन म्हणाला, "सूप नको? घेवन जाव?"

"नको, नको," जी. आर. संकोचाने म्हणाले.

"आम्हालाही नको," मी म्हणालो. आमच्याकडे पहिल्या खेपेला नकोच म्हणतात. मग समोरच्याने आग्रह करायचा असतो. वाढप्याने आग्रह केला नाही. भरलेल्या बशा उचलून घेऊन गेला. सुभद्रा जाणाऱ्या सुपाकडे बंदरावरून सुटलेल्या बोटीकडे पाहावं तसं पाहत राहिली.

"तर," जी. आर. खाकरून म्हणाले, "मिस विमला पेटी वाजवतात म्हणे."

"थँक्यू," विमला म्हणाली.

"कुठले राग येतात?"

"हो," विमला म्हणाली.

जानकीबाईंनी दत्तारामकडे पाहिलं. दत्ताराम खाली मान घालून हसू दाबत होता. स्थळ हातातून निसटत चाललेलं मला डोळ्यांनी दिसत होतं. शेवटची बोट, तिचा भोंगा, आणि पुढचा अख्खा पावसाळा चुलीपाशी बसलेली विमला.

आणि त्याच वेळी दाजी उठून उभे राहिले.

याला कारण कॉन्स्टान्सियो. बोटीवर मेज सजवायची त्याला सवय. म्हणून त्याने मेजाच्या मधोमध बशीत एक सोललेला नारळ उभा केला होता, शेंडीसकट, आणि शेंडीत लालभडक जास्वंदीचं फूल खोचलं होतं. प्रत्येकापुढे घडी घालून उभा केलेला पांढरा रुमाल होता. आम्हाला ती शोभा दिसत होती. दाजींना काय दिसत होतं? नारळ. फूल. आणि आपल्यापुढे मानाचं वस्त्र. गाऱ्हाण्याची सगळी मांडामांड करून ठेवलेली, दोन्हीकडची माणसं जमलेली, सूपसुद्धा कोणी तोंडाला लावलं नाही, आणि गावकराला मात्र कोणी उठा म्हणत नाही!

दाजींनी रुमाल उलगडला, डोक्याला गुंडाळला, नारळाला हात जोडले आणि देवळात लावतात तोच आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा!"

"दाजी, बसा," मी कोटाच्या आतून म्हणालो. पण माझा आवाज कोणाला ऐकू गेला नाही, कारण पलीकडच्या मेजावर चहा पिणारे दोघे आणि दारात उभा वाढपी सवयीने एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरा ह्या मेजाक बसली आसत. चेडवाच्या लग्नाचा काम घेवन बसली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आतून कॉन्स्टान्सियो हातात डाव घेऊन बाहेर आला होता. हा माणूस दर रविवारी इगर्जीत प्रार्थनेला जातो, पण गावच्या देवाला त्याच्या घरूनही नारळ जातो. त्याने डाव बगलेत धरून हात जोडले.

"तुझ्यासमोर लपवचा काय? ह्या माझ्या पुतण्यान चेडवाचा वय कमी करून सांगल्यान. चेडू आता पंचविशीक इला. ता तुका ठावक आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे मिटले. कोणाला वाटेल भक्तीने मिटले.

"चेडवाक पेटी वाजवूक येणा नाय. आमच्या घरात पेटी आसा ती कपड्यांची. पण चेडवाक लावणी येता, कापणी येता, दुखणाईत माणसाक सांभाळूक येता. माझ्या आजारपणात माका तिणाच उठयल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज जरा मऊ आला. सुभद्राने पदर डोळ्यांना लावला.

"पुतणो माझो वायट न्हय. त्येका आपल्या घराची लाज वाटता, इतकाच. अंगातलो कोट त्येचो न्हय, कॉन्स्टान्सियोचो. हॉटेलात जेवूक आज पयल्यांदाच इलो. घामान भिजलो तरी कोट काढणा नाय. त्येच्या डोक्यात थोडो थंडावो घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि तो समोरून आला. मी डोळे उघडले. जी. आर. राणे, गिरणीचे मॅनेजर, उभे होते. टाय एका खांद्यावर गेला होता, हात जोडलेले होते, आणि बहुधा त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं की आपण कधी उठलो. लहानपणी ज्या आवाजात त्यांनी देवळाच्या मांडवात ओरडून घेतलं असेल, तो आवाज इतकी वर्षं त्या टायखाली जसाच्या तसा होता.

दाजी त्यांच्याकडे वळले. "गंगाराम, आता तुमच्या बाजूचा तुमी सांगा. देवाक दोनय बाजू आयकाक होयत."

जी. आर. नी ओठ ओले केले. जानकीबाई हळूच म्हणाल्या, "सांगा. एकदाचा सांगून टाका."

"म्हाराजा," जी. आर. म्हणाले, आणि पुढे शुद्ध मराठी त्यांना सापडेचना. "मी मॅनेजर न्हय. गिरणीत मालाच्या कोठीवर आसंय. ब्लॉक म्हणान सांगलंय, ती चाळीतली खोली. नळ भायर. झील ऑफिसात आसा, पण अजून कायम करूक नाय. आणि काट्यान माका जेवूक येणा नाय, म्हाराजा. मी ह्येच्याकडे बघून शिकतलंय म्हणान बसलेलंय."

"व्हय म्हाराजा!" अख्खं हॉटेल गरजलं.

माझ्याकडे बघून! म्हणजे त्या सगळ्या सुपाच्या वेळात मी ज्याचा शिष्य झालो होतो, तो माझा शिष्य होता.

"ह्येंका आमच्या घराक कित्याक बोलावक नाय, ताय सांगा," जानकीबाई म्हणाल्या.

"गावचा घर गळता," जी. आर. म्हणाले आणि खाली बसले. बसले ते मांडी घालूनच.

दाजींनी पुन्हा नारळाला हात जोडले. "दोनय बाजूनी जा काय व्हता ता तुझ्या पायार घातला, म्हाराजा. आता ह्या काम तुझ्या मनात आसा तर कौल दी."

सगळे त्या जास्वंदीकडे पाहू लागले. फूल शेंडीत घट्ट खोचलेलं होतं. हलेना. पलीकडच्या मेजावरचे दोघे चहा सोडून जवळ आले. कॉन्स्टान्सियोच्या तोंडावर अपराधी भाव होता. फूल पडू नये म्हणून त्यानेच ते सुतळीने बांधलं असावं, अशी मला दाट शंका आली. बराच वेळ गेला. मग एकाएकी मेज थरथरलं, काटे-चमचे खणखणले, नारळ बशीत डगमगला, आणि फूल टपकन चादरीवर पडलं.

"उजवो!" दाजी म्हणाले. "देवान उजवो दिल्यान."

"खंय उजवो?" जी. आर. पुढे वाकून म्हणाले. "हो तर डावो."

आणि गंमत अशी, की दोघांचंही खरं होतं. समोरासमोर बसलेल्या माणसांचं उजवं-डावं एक कसं होणार? दाजींचा उजवा तो जी. आर. चा डावा. देवळात असला प्रश्न येत नाही, कारण तिथे सगळे देवाकडे तोंड करून एका बाजूला उभे असतात. मेज हा प्रकार देवाने काढलेला नाही. वाद सुरू झाला. चहा पिणाऱ्यांतला एक म्हणे नारळाचा उजवा धरा. दुसरा म्हणे नारळाचं तोंड कुठे आहे ते आधी ठरवा. कॉन्स्टान्सियोने नारळ उचलून चारही बाजूंनी पाहिला. जी. आर. चा चेहरा खरोखरच पडला होता. सगळं खरं सांगून झाल्यावर आता देवाने नाही म्हणावं, हे त्यांना सोसत नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्या हातातला काटा कधी वाकला ते मला कळलं नाही.

तेव्हा विमला बोलली. हो, नाही आणि थँक्यू सोडून पहिल्यांदाच.

"दाजीनू, ती माणसा आमच्या बाजूक येवन बसली तर?"

दत्ताराम उठला. शर्टाची बाही न ओढता त्याने आपली खुर्ची उचलली, मेजाला वळसा घातला, आणि विमलाच्या शेजारी आणून ठेवली. बसला. फुलाकडे पाहून म्हणाला, "माका उजवो दिसता."

जानकीबाई लगेच उठल्या. मग जी. आर. उठले, आणि येताना दारापाशी जाऊन बूट काढून आमच्या वहाणांच्या ओळीत ठेवून आले. मेजाच्या एकाच बाजूला सगळ्या खुर्च्या मावेनात. दाजी म्हणाले, "गुरुदासा, तू उठ रे. पावण्यांक जागा कर."

मी उठलो आणि पलीकडे जाऊन उभा राहिलो. समोर दोन्ही कुटुंबं एका रांगेत, सगळी मांडी घालून, पंगतीला बसावी तशी. मध्ये ते फूल. त्या सगळ्यांना ते उजवीकडे. पलीकडे उभ्या असलेल्या माझ्यापुरतं तेवढं डावीकडे.

"आता कसा," दाजी समाधानाने म्हणाले. मग माझ्याकडे, माझ्या पांढऱ्या कोटाकडे आणि अनवाणी पायांकडे त्यांनी नीट पाहिलं. "आणि तू असोच उभो रवलंस तर वाढूक घी. पंगतीक चेडवाचो भाऊस वाढता तोच बरो."

वाढप्याने हातातली कोंबडीची परात हसत माझ्या हातात दिली. मी वाढली. काटे आणि सुऱ्या गोळा करून कॉन्स्टान्सियोने बाजूला नेल्या आणि आतून घरच्यांसाठी केलेली भाकरी आणि बांगड्याचं तिखलं आणलं. मी 'घ्या' म्हणालो की सगळे 'नको' म्हणत, मग मी आग्रह करी, मग ते घेत. जानकीबाईंनी तीनदा नको म्हणून चौथ्यांदा तिखलं घेतलं आणि म्हणाल्या, "आता खरा जेवण झाला." मला कोणी जेवलास का म्हणून विचारलं नाही. विमलाने मात्र जाता जाता एक भाकरी माझ्या कोटाच्या खिशात घातली.

घरी येताना मी तिला गाठलं. "मेज कोणी हलवलं?"

"देवान," ती म्हणाली.

"देवाचा गुडघा इतका टणक असतो?"

"भाई, देवान कोणाचो गुडघो वापरूचो ता देवाचा काम," विमला म्हणाली आणि पुढे चालू लागली. लंगडत चालत होती.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या अंगणात लग्न झालं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पंगती बसल्या, म्हैस सबंध मंगलाष्टकं बोलत होती, आणि कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. मानपानाच्या वेळी जी. आर. नी मुंबईहून माझ्यासाठी खास भेट आणली होती. मखमली पेटीत ठेवलेला, चकचकीत, चांदीसारखा काटा. "तुमच्याकडूनच शिकायचं राहिलंय," असं ते सर्वांसमोर म्हणाले आणि मोठ्याने हसले.

तो काटा अजून आमच्या घरात आहे, आणि वापरातही आहे. दर वर्षी मोरावळ्याच्या दिवसांत सुभद्रा त्याने आवळे टोचते. टोचून झाले की धुऊन पुसून मखमलीच्या पेटीत ठेवते आणि म्हणते, "मुंबयची वस्तू ती मुंबयची. आवळ्याक ह्याच्यासारखा दुसरा काय नाय." सांगायला हरकत नाही, उरलेले आवळे मी टोचतो. हात माझा चांगला बसला आहे. एकही आवळा अजून अंगणात गेलेला नाही.